घशाखाली उजेड

माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये काय काय सापडेल, सांगू? दोन चार्जर, एक तुटका क्लचर, दिवाळीला एचआरने वाटलेल्या पणत्यांचा बॉक्स आणि गोळ्या. डोकेदुखीच्या, पाठदुखीच्या, महिन्यातल्या ‘त्या’ दिवसांच्या. शिवाय अ‍ॅसिडिटीच्या. म्हणजे आधी दुखण्याची गोळी घ्यायची आणि तिने पोटात आग लावली की विझवायला दुसरी. अख्ख्या टीमला माझा ड्रॉवर माहीत होता. ‘मेडिकल उघडलंय का गं?’ असं विचारत लोक यायचे. मला त्याचा चक्क अभिमान वाटायचा.

दिवस म्हणाल तर सकाळी साडेसातची कंपनीची बस, कोथरूड ते हिंजवडी. नाश्ता बसमध्ये करायचा असं रोज ठरतं आणि रोज झोप लागते. पोचल्या पोचल्या मशीनची कॉफी. साडेदहाचा कॉल साडेअकराला संपतो, तोवर डोकं ठणकायला लागलेलं असतं. मग ड्रॉवर. रिकाम्या पोटी एक गोळी, वरून पुन्हा कॉफी. जेवण दोनला, कधी तीनला. रात्री अमेरिकेशी कॉल, म्हणजे ते जेवण साडेदहाला, तेही बहुतेक वेळा मोबाइलवरून मागवलेलं. तुमचंही थोड्याफार फरकाने हेच असणार. त्यामुळे पोटात जळजळणं हा मला आजार वाटायचाच नाही. जॉब प्रोफाइलचाच एक भाग वाटायचा.

आता पुढचं जरा कठीण आहे. गुळगुळीत पानावर हे कसं लिहायचं कळत नाही, पण लिहायलाच हवं. मार्चमध्ये लागोपाठ दोन दिवस मला डांबरासारखी काळी, चिकट शी झाली. मी ती फ्लश केली आणि विषयही फ्लश केला. मग जिना चढताना धाप लागायला लागली. लिफ्टमध्ये एक मैत्रीण म्हणाली, ‘केवढी फिकट दिसतेस!’ मी म्हटलं, ‘इथला लाइटच तसा आहे.’

शेवटी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या, रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन ९.२. ‘दुखण्याच्या गोळ्या किती घेता?’ त्यांनी विचारलं. मी आकडा सांगितला. खरं तर निम्माच सांगितला. तरीही त्यांच्या भुवया वर गेल्या. ‘काळा रंग म्हणजे पोटात वरच्या बाजूला कुठंतरी रक्त येतंय आणि ते पचून खाली उतरतंय, अशी शक्यता असते. गोळ्या आजपासून बंद. आणि उद्याच एंडोस्कोपी करून घ्या.’

‘रिलीज झाल्यावर केली तर चालेल का?’

‘नाही,’ डॉक्टर म्हणाल्या.

मी चिठ्ठीची नीट घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि रिलीज झाल्यावर करायचं ठरवलं. एव्हाना रंग नॉर्मलला आला होता ना!

त्याच रविवारी कराडहून आईचा फोन आला. बाबांचं जेवण खूप कमी झालंय. दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणतात. पट्ट्याला नवीन भोक पाडून घेतलंय. तिथल्या डॉक्टरांनी ‘नळी टाकून बघू’ म्हणून सांगितलंय आणि बाबा महिनाभर टाळतायत. आई हळू आवाजात बोलत होती, म्हणजे ते बाजूच्याच खोलीत असणार.

माझे बाबा एसटी डेपोत क्लार्क होते. कधीही, कशालाही न घाबरणारा माणूस. पण त्यांच्या डेपोतल्या एका सहकाऱ्याची नळी खूप वर्षांपूर्वी झाली होती. त्याने परत येऊन जे वर्णन केलं, ते बाबांच्या डोक्यात कायमचं बसलं. दोघांनी धरून ठेवलं, जीव गुदमरला, डोळे बाहेर आले वगैरे. ‘मी काय वाटेल ते औषध घेईन, पण नळी गिळणार नाही,’ असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं.

मी त्यांना फोनवर तासभर लेक्चर दिलं. विज्ञान किती पुढं गेलंय, तुम्ही शिकलेली माणसं असं वागलात तर कसं होणार, आईचा तरी विचार करा. सगळं झालं. फोन ठेवला, पर्समधून चार्जर काढायला हात घातला आणि ती घडी घातलेली चिठ्ठी हाताला लागली. नऊ दिवस झाले होते.

डोक्याला शॉट लागणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं.

दुसऱ्या दिवशी अपॉइंटमेंटसाठी फोन केला. पलीकडची मुलगी पाठ केल्यासारखं बोलत होती. आठ तास उपाशीपोटी या. झोपेचं इंजेक्शन घ्यायचं असेल तर सोबत कुणीतरी हवं, त्या दिवशी गाडी चालवायची नाही. नुसता घशाला स्प्रे मारून करायचं असेल तर एकट्या आलात तरी चालेल. ‘सोबत कोण आहे?’

बत्तीस वर्षांची बाई मी. फोनमध्ये सहाशे कॉन्टॅक्ट्स. आणि मी कुणालाही काही सांगितलं नव्हतं. फ्लॅटमेट गावी गेलेली, दादा बंगळूरला, आई-बाबांना सांगायचा प्रश्नच नव्हता. ‘स्प्रेनेच करू,’ मी म्हणाले. आणखी एक विचारही डोक्यात होता. जागेपणी केली, तर बाबांना नेमकं काय होतं ते खरंखरं सांगता येईल.

आदल्या रात्री आठला जेवण उरकलं. झोप येणार नव्हतीच. म्हटलं, उद्या जी वस्तू घशाखाली जाणार आहे, तिचा बायोडेटा तरी वाचू. आणि खरं सांगते, भलतीच रंगले.

पोटात वाकून बघायची माणसाची हौस जुनी आहे. १८६८ मध्ये जर्मनीत फ्रायबुर्गला कुसमाउल नावाच्या डॉक्टरांनी एक सरळ, ताठ नळी पोटापर्यंत उतरवून बघितली. त्यासाठी माणूस कोण शोधला असेल? तलवार गिळून दाखवणारा जादूगार! तो मान मागे टाकून घसा सरळ रेषेत आणू शकायचा. पण आत मिट्ट काळोख, त्यामुळे फारसं काही दिसलं नाही. पुढची कितीतरी वर्षं हीच पंचाईत होती. शरीर आतून वळणावळणाचं आणि प्रकाश सरळ जाणारा.

इथं आपल्याकडचा एक माणूस येतो. नरिंदर सिंग कपानी. मोग्याला १९२६ मध्ये जन्म, शिक्षण डेहराडून आणि आग्र्याला. प्रकाश फक्त सरळ रेषेतच जातो, असं शाळेत शिक्षकांनी सांगितलं आणि ते आपल्याला पटलंच नाही, अशी आठवण ते सांगत. लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर त्यांनी काचेचे हजारो बारीक तंतू एकत्र बांधले आणि त्या लवचिक जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखवलं. जानेवारी १९५४ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचा लेख आला.

ही काचेची गंमत कशी चालते? कधी पोहताना पाण्याखालून तिरकं वर बघितलंय? पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा चमकतो. प्रकाश पाण्यातून फार तिरका येऊन पृष्ठभागावर आदळला तर तो बाहेर पडूच शकत नाही, सगळाच्या सगळा आत परततो. काचेच्या तंतूत हेच होतं. एका टोकाने शिरलेला प्रकाश आतल्या आत भिंतींवर आपटत, तंतू वळेल तसा वळत, दुसऱ्या टोकाला बाहेर येतो. एक तंतू म्हणजे चित्राचा एक ठिपका. दोन्ही टोकांना तंतूंचा क्रम एकसारखा ठेवला की ठिपके जागच्या जागी येतात आणि चित्र दिसतं. ज्याच्या जिवावर आपलं ब्रॉडबँड चालतं, त्या फायबरचा मूळ फंडा हाच. फरक एवढाच, की पोटात जायला मीटरभर पुरतो आणि अमेरिकेच्या कॉलला समुद्र ओलांडावा लागतो.

कपानींचा तो लेख बेसिल हर्शोविट्झ नावाच्या, मूळच्या दक्षिण आफ्रिकेतल्या एका तरुण पोटविकारतज्ज्ञाने वाचला. तो लंडनला जाऊन त्या दोघांना भेटला आणि अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात कामाला लागला. सोबत पीटर्स नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि लॅरी कर्टिस हा पदवीचा विद्यार्थी. तंतू एकमेकांना टेकले की प्रकाश एकातून दुसऱ्यात गळायचा, ही मोठी अडचण होती. कर्टिसने काचेच्या कांडीवर वेगळ्या काचेची नळी चढवली, दोन्ही एकत्र तापवून ओढलं आणि काचेचंच अस्तर असलेला तंतू काढला. डिसेंबर १९५६. पोरगा अजून ग्रॅज्युएटही नव्हता!

आणि मग मला सगळ्यात आवडलेला भाग. फेब्रुवारी १९५७ मध्ये उपकरण तयार झालं. आजच्या मानाने जाडजूड होतं. हर्शोविट्झने ते पहिल्यांदा कुणाच्या घशात घातलं? स्वतःच्या. काही दिवसांनी मग पेशंटच्या.

रात्रीचा एक वाजला होता. लॅपटॉप बंद केला. आधी स्वतः, मग पेशंट. माझा पेशंट कराडला पट्ट्याला भोकं पाडत बसला होता.

सकाळी रिक्षाने गेले. फॉर्मवर सही केली. सिस्टरने विचारलं, ‘सोबत कुणी नाही?’ मी म्हटलं, ‘ऑफिसला जायचंय ना लगेच.’ हे काय उत्तर झालं? पण त्यांनी मान डोलावली. त्यांना माझ्यासारख्या बऱ्याच जणी भेटत असणार.

घशात स्प्रे मारला. कडवट, विचित्र चव आणि दोन मिनिटांत घसा आपला नसल्यासारखा झाला. थुंकी गिळतोय की नाही तेच कळेना. डाव्या कुशीवर झोपवलं, दातांमध्ये मधोमध भोक असलेला एक प्लॅस्टिकचा ठोकळा दिला. मग ती आली. काळी, करंगळीएवढी जाड, टोकाला झगझगीत उजेड. मला वाटलं होतं तिच्याकडे बघायचं नाही. पण नजर तिथंच गेली.

‘आता गिळा,’ डॉक्टर म्हणाल्या. ‘आवंढा गिळतो तसा.’

बाबा, हे वाचत असाल तर ऐका. ते तीन-चार सेकंद वाईट असतात. उमाळा येतो. डोळ्यांतून पाणी येतं, नाकातून येतं, आणि आपण किती केविलवाणे दिसत असू असा विचारही येतो. पण श्वास कोंडत नाही. श्वासाची वाट वेगळी आहे, हे पाठ्यपुस्तकात शिकलेलं त्या वेळी शरीराला समजावून सांगावं लागतं. सिस्टरने माझ्या पाठीवर हात ठेवला होता. ‘नाकाने श्वास घ्या. लांब. छान. अजून एक.’ मी तोपर्यंत अगदी व्यवस्थित होते. तो हात पाठीवर पडला आणि मला रडायला आलं. नळी तोंडात असताना रडता येत नाही. ट्राय करून बघितलं मी.

आत हवा भरतात, त्यामुळे ढेकरा येतात. थांबवायच्या म्हटलं तरी थांबत नाहीत. समोर स्क्रीन होती. माझी मीच मला आतून दिसत होते. ओला गुलाबी बोगदा, मग पोटाच्या लाटा लाटांसारख्या घड्या, चकचकीत. पुढं उघडझाप करणारं एक गोल छिद्र, त्यातून पलीकडे गेल्यावर मखमलीसारखं आतडं. मला वाटलं होतं किळस येईल. छे! एवढं स्वच्छ आणि शिस्तीचं काम चाललेलं होतं तिथं. बत्तीस वर्षं हे पोट बिचारं अंधारात काम करतंय, त्याच्यावर पहिल्यांदा उजेड पडला तो माझ्या गोळ्यांनी केलेला उद्योग बघायला.

उद्योग दिसलाच. परत येताना पोटाच्या खालच्या भागात नळी थांबली. दोन-तीन लालभडक ओरखडे आणि मधे एक पांढुरका खड्डा. ‘हा बघा, अल्सर. आता रक्त येत नाहीये,’ डॉक्टर म्हणाल्या. नळीतूनच एक इवलासा चिमटा आत गेला आणि त्याने दोन-तीन ठिकाणचे कण तोडले. मला काहीही कळलं नाही. पोटाच्या अस्तराला असा तुकडा तोडलेला जाणवत नाही म्हणे. सहा-सात मिनिटांत सगळं संपलं. एका मीटिंगमध्ये लोक ‘माझा आवाज येतोय का?’ विचारण्यात याहून जास्त वेळ घालवतात.

नंतर मी डॉक्टरांना कपानींबद्दल विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, ‘चित्र आता काचेच्या तंतूंमधून येत नाही. टोकाला कॅमेऱ्याची चिप असते, तिचं चित्र वायरने स्क्रीनवर येतं.’ हा बदल १९८३ च्या सुमारास सुरू झाला. ‘पण आत जो उजेड पडला ना, तो अजून काचेच्या तंतूंमधूनच जातो आमच्या या स्कोपमध्ये.’ मला उगाच बरं वाटलं. कपानी डिसेंबर २०२० मध्ये कॅलिफोर्नियात वारले. २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं.

घशाचा बधिरपणा जाईपर्यंत खायचं-प्यायचं नव्हतं. बाहेरच्या बाकावर बसून मी बाबांना फोन लावला. सगळं सांगितलं. काळी शी, हिमोग्लोबिन, ड्रॉवर, स्प्रे, उमाळा, ढेकरा. काही लपवलं नाही आणि काही गोडही केलं नाही. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं रेंज गेली.

‘एकटी गेलीस?’ बाबांनी विचारलं.

मी म्हटलं, ‘हो. पण त्यात काय...’

‘अगं, मला सांगायचंस. मी आलो असतो.’

तासभराच्या लेक्चरने जे झालं नव्हतं ते त्या वाक्यात झालं, फक्त उलट्या दिशेने. मी त्या बाकावर बसून नाक पुसत राहिले. दुसऱ्यासाठी धावत येईल, पण स्वतःसाठी दवाखान्याची पायरी चढणार नाही, असा हा माणूस. आणि मी त्याचीच पोरगी.

पुढच्या आठवड्यात बाबा पुण्याला आले. साध्या लाल गाडीनेच, कारण दुसऱ्या कुठल्या गाडीने येणं त्यांना पटत नाही. ‘इंजेक्शन घेऊनच करणार,’ त्यांनी आल्या आल्या सांगितलं. ‘तुझ्याएवढी हौस नाही मला.’ मी बाहेर बसले. आतून बोलावलं तेव्हा ते अर्धवट झोपेत होते आणि डॉक्टर स्क्रीनवर काढलेले फोटो दाखवत होत्या. पोटात मोठा अल्सर. कडा त्यांना फारशा आवडल्या नव्हत्या, म्हणून सहा-सात ठिकाणचे तुकडे घेतले होते. एक तुकडा त्यांनी पिवळ्या रंगाच्या एका छोट्या खाचेत ठेवला होता. माझ्या डोळ्यांदेखत पिवळ्याचा गुलाबी झाला. म्हणजे जंतू आहेत. हेलिकोबॅक्टर पायलोरी.

हा जंतू पोटातल्या अ‍ॅसिडमध्ये राहू शकतो आणि अल्सर करतो, यावर डॉक्टर मंडळींचाच विश्वास बसत नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शलने १९८४ मध्ये तो चक्क पिऊन दाखवला, आजारी पडला आणि पोटातले तुकडे काढून सिद्ध केलं. २००५ मध्ये त्याला आणि रॉबिन वॉरनला नोबेल मिळालं. ‘नळीवाल्यांमध्ये सगळे स्वतःवरच प्रयोग करतात वाटतं,’ बाबा शुद्धीवर आल्यावर म्हणाले. मला हसू आलं नाही. बाकीच्या तुकड्यांचा रिपोर्ट यायला आठ दिवस होते.

ते आठ दिवस मी इथं लिहिणार नाही. ज्यांनी असे दिवस काढलेत त्यांना माहीत आहेत. फक्त एवढंच सांगते, की बाबा माझ्या फ्लॅटवर राहिले आणि रोज सकाळी सातला माझ्या हातात डबा ठेवून ‘बसमध्ये झोपायचं नाही, आधी खायचं,’ असं म्हणत राहिले. कॅन्सर हा शब्द आम्ही दोघांनीही उच्चारला नाही. एकदा रात्री पाणी प्यायला उठले तर ते अंधारात गॅलरीत उभे होते. मी पण जाऊन उभी राहिले. रस्त्यावरून एक एसटी गेली. ‘कोल्हापूर गाडी,’ ते म्हणाले. बस्स.

रिपोर्ट चांगला आला. अल्सर, जंतू, आणखी काही नाही. चौदा दिवस दोन अँटिबायोटिक्स आणि अ‍ॅसिड कमी करायची गोळी. मग डॉक्टर म्हणाल्या, ‘आठ आठवड्यांनी पुन्हा नळी टाकून बघू. पोटातला अल्सर पूर्ण भरला की नाही, ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी सोडणार नाही.’ बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी डॉक्टरांकडे बघितलं.

माझा रिपोर्टही आला होता. जंतूबिंतू काही नाही. दोषी एकच, ड्रॉवर. तो मी रिकामा केला. आता त्यात फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू आणि कराडहून येणारा चिवडा असतो. लोक अजूनही येतात. डोकं दुखायचं थांबलंय असं नाही. पण त्यातलं निम्मं दुखणं भुकेचं होतं, हे आत्ता कळतंय.

परवा आईचा फोन होता. डेपोतल्या एका जुन्या मित्राला डॉक्टरांनी नळी सांगितली आहे आणि बाबा त्याच्या घरी जाऊन त्याला समजावत बसलेत. ‘काही नाही रे, सहा मिनिटांचं काम. माझ्या पोरीने तर जागेपणी केली,’ असं सांगतायत. इंजेक्शनचं त्यांनी मुद्दाम सांगितलं नाही म्हणे.

त्यांची तारीख पुढच्या महिन्यात बावीसला आहे. मी सुट्टी टाकली आहे. फॉर्मवर ‘सोबत कोण’ या रकान्यात बाबांनी माझं नाव आधीच लिहून ठेवलंय.